यशिकातला ट्रॅक्टर
(रायपूर मुक्काम : भाग दुसरा)

शुक्रवार, २ जानेवारी. समता कॉलनी

मावशीच्या गच्चीवर बसून यशिका-मॅट १२४-जी पुसला, १२० चा रोल भरला. चौकोनी बारा फ्रेम. आतला मीटर बंदच आहे. त्याला लागणारी पाऱ्याची बॅटरी आता बनत नाही. अडत काही नाही. ४०० ची फिल्म, भर ऊन, तर १/५०० आणि एफ १६. संध्याकाळी चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात गेलो. ज्याला त्याला एकच शंका, "रोल मिळतो अजून?"

शनिवार, पौष पौर्णिमा

आज छेरछेरा. नवं धान घरात आलेलं असतं, पोरं दारोदार ते मागत फिरतात. अभनपूरच्या अलीकडच्या एका गावात सकाळीच पोचलो. पोरांच्या हातात खताच्या रिकाम्या पिशव्या. या कॅमेऱ्यात वरून वाकून बघायचं, आणि काचेवर डावं-उजवं उलटं. दोघांनी त्यात डोकीच खुपसली. मित्र डावीकडे पळाला की काचेत उजवीकडे! अर्धा तास फोटोग्राफी बंद, सिनेमा चालू.

एका दारात बाई सुपातून धान ओतत होती. सांडलेल्या दाण्यांवर कोंबडी टपलेली, मागे मोटारसायकल. दोन पावलं सरकलं की मोटारसायकल चौकटीबाहेर. सरकलो नाही. कृष्णधवल फिल्म हातात आली की माणसाला गाव जुनं करायची खुमखुमी येते. सुनील जानांनी १९४३ चा बंगालचा दुष्काळ टिपला, पुढे आदिवासी मुलूख टिपले, तो त्यांचा वर्तमानकाळ होता. त्यांची चित्रं पाहून आपण मात्र चाळीसचं दशक मांडत बसतो.

दुपारी धान खरेदी केंद्राबाहेर ट्रॅक्टरची ही रांग, ट्रॉल्यांवर पोत्यांच्या थप्प्या. उरलेला रोल तिथेच संपवला. एका ड्रायव्हरला फोटो लगेच बघायचा होता. तसा दिसत नाही म्हटल्यावर त्याने स्वतःचा मोबाइल काढून माझ्याबरोबर सेल्फी घेतली.

रविवार

न्हाणीघरात रोल धुतला. डी-७६, एकास एक, २० अंशांना ११ मिनिटं. जानेवारी आहे म्हणून निभावलं. मे महिन्यात इथे बर्फ आणावा लागला असता. दोरीवरच्या निगेटिव्ह मावशीने उजेडात धरून पाहिल्या.

"ट्रॅक्टर कशाला काढलास रे? बैलगाडी नाही मिळाली?"

"दिसलीच नाही मला."

उद्या सिरपूर. विटांचं लक्ष्मण मंदिर, सातव्या शतकातलं. "तिथे तरी धड जुनं मिळेल तुला," म्हणाली, आणि डब्याला काय देऊ विचारायला लागली.