तीन दिवसांचा लांडगा

लांडग्याशी माझी पहिली ओळख करून दिली ती इसापाने. कोकराशी भांडण उकरून काढणारा आणि 'आला रे आला' म्हणता म्हणता एक दिवस खरोखरच येणारा, असा हा अत्यंत अप्रिय प्राणी. त्याच्यावर कुणा मुलीचे प्रेम बसेल, ही कल्पना चाळिशी उलटेपर्यंत माझ्या मनाला शिवली नव्हती.

परवा आमच्या कन्येच्या उशाशी एक जाडजूड इंग्रजी कादंबरी दिसली.

"कशाबद्दल आहे ग?" मी विचारले.

"प्रेमकथा आहे, बाबा. त्यातला मुलगा लांडगा होतो."

"लग्नाआधी की लग्नानंतर?" स्वयंपाकघरातून सौ.चा आवाज आला.

हा प्रश्न विनोदाचा होता असे समजून मी हसलो. इतर कुणी हसले नाही.

कन्या कॉलेजात गेल्यावर मी ते पुस्तक हळूच उचलले. स्टेफनी मेयर या अमेरिकन लेखिकेची ती २००६ सालची 'न्यू मून' कादंबरी. या जातीच्या कादंबऱ्यांचे इंग्रजीत आता मोठे पीक आले आहे. 'न्यू मून'मधल्या तरुणांना लांडगा व्हायला पौर्णिमेची वाट पाहावी लागत नाही. राग अनावर झाला की पुरे. इतर पुष्कळ कादंबऱ्यांतला नायक कळपाचा म्होरक्या असतो, त्याला 'अल्फा' म्हणतात. तो जगावर गुरगुरतो आणि एका मुलीपुढे मात्र मऊ होतो. वाचता वाचता मला वाटले, हे आपण कुठे तरी ऐकले आहे. आणि आठवले! 'लग्न झाले की सुधारेल हो!' आपल्याकडच्या मावश्या-आत्या पिढ्यान् पिढ्या जे सांगत आल्या, तेच हे. फक्त पात्राला शेपूट आले आहे.

बिचाऱ्या खऱ्या लांडग्याचा यात काही दोष नाही. डेव्हिड मीच या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या १९७० सालच्या पुस्तकामुळे 'अल्फा' हा शब्द सर्वतोमुखी झाला. पण १९९९ साली त्यानेच लिहिले की, रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले. म्होरकेपणासाठी तिथे मारामारी चालत नाही. खरा लांडगा शिकार करून घरी येतो आणि पोटातले अन्न पिल्लांपुढे काढून ठेवतो. संसारी प्राणी आहे तो! गुरगुरणे आपले, नाव मात्र त्याचे.

मराठीच्या मास्तराला नव्या पुस्तकावरून जुन्या पोथीकडे गेल्याखेरीज चैन पडत नाही. शोधता शोधता मी जाऊन पोचलो थेट बाराव्या शतकात, म्हणजे ज्ञानेश्वरीच्याही आधी, मारी द फ्रान्स या कवयित्रीपाशी. तिच्या एका कथाकाव्याचा नायक बिस्क्लाव्हरे हा ब्रिटनी प्रांतातला सरदार. राजाचा लाडका, बायकोचाही. पण आठवड्यातले तीन दिवस तो कुठे जातो, हे तिला ठाऊक नसे. तिने खनपटीस बसून विचारले तेव्हा त्याने सांगून टाकले : मी रानात जातो, कपडे उतरवतो आणि लांडगा होतो. ते कपडे नाहीसे झाले, तर मला माणसात येता येणार नाही. ती भ्याली. तिच्यावर पूर्वीपासून अनुरक्त असलेल्या एका सरदाराकडून तिने ते कपडे पळवले आणि त्याच्याशी लग्न लावले. पुढे शिकारीत सापडलेल्या या लांडग्याने राजाचे पाय धरले. राजाने त्याला दरबारी नेले. तिथे तो कोकरासारखा वागे. मात्र बायको समोर येताच त्याने झेप घेतली आणि तिचे नाक तोडले. शेवटी कपडे मिळाले, लांडग्याचा माणूस झाला, राजाने त्याला मिठी मारली. बायको देशोधडीला लागली.

जेवताना ही गोष्ट मी घरात रंगवून सांगितली. कन्या म्हणाली, "माझ्या पुस्तकातही तसंच आहे. सॅम नावाचा लांडगा असतो. एकदा रागाच्या भरात त्याचा तोल जातो आणि जवळ उभ्या असलेल्या एमिलीच्या चेहऱ्यावर ओरखडे उठतात, कायमचे. तरी ती त्याच्याशीच राहते आणि सगळ्या लांडग्यांना खाऊ घालते."

आठशे वर्षांचे अंतर, दोन्ही लेखिका बायकाच, आणि खूण उमटायची ती बाईच्याच चेहऱ्यावर!

"तुला आवडते ती एमिली?" मी विचारले.

"आवडते. पण मला तिच्यासारखं व्हायचं नाही." मग जरा थांबून, ताटाकडे बघत ती म्हणाली, "बाबा, तुमच्या अबोल्यात आईचा चेहरा कधी पाहिलाय तुम्ही?"

मला राग आला की मी ओरडत नाही. हात उगारणे तर दूरच. मी फक्त अबोला धरतो. हा माझा सभ्यपणा, अशी माझी इतकी वर्षे समजूत होती. तो साधारण तीन दिवस चालतो. त्या दिवसांत घरात रेडिओ हळू लागतो, भांडी जपून ठेवली जातात, मुले आईला विचारून माझ्या खोलीत येतात. चौथ्या दिवशी मी चहा मागतो आणि संपले, असे समजतो. त्या रात्री मी सौ.कडे पाहिले. चेहऱ्यावर ओरखडा नव्हता. पण मी पाहतो आहे हे लक्षात येताच ती चटकन म्हणाली, "काय झालं? काही चुकलं का?"

उत्तर मिळाले.

आठच दिवसांनी फराळाच्या खर्चावरून आमचे वाजले. माझी जीभ नेहमीप्रमाणे आत वळली. उठलो, खोलीच्या दाराशी गेलो आणि थांबलो. घरातून निघताना आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. त्या सरदाराने काय म्हटले असेल कोण जाणे. मी तर या दारातून जाताना कधीच काही म्हटले नव्हते.

"मला राग आला आहे," मी म्हणालो, "जरा वेळाने येतो."

सौ.ने कढईतून मान वर केली. "या. तुमचे कपडे काही मी लपवायची नाही. पण तीन दिवस राखत बसायचीही नाही."

तासाभराने मी बाहेर आलो.