आडवी बाटली

सरपंच थेट जनतेतून निवडायचा, हे 2017 ला ठरलं, 2020 ला मोडलं, 2022 ला परत आलं. आमच्या पारावर त्याचा वाद अजून चालतो. मला मात्र थेट कौल म्हटलं की आमच्या गिरणाकाठच्या गावातलं बाटलीचं मतदान आठवतं.

2008 च्या आदेशानं गावातल्या चौथाई बायांनी सह्या केल्या, तर परवान्याच्या दारू दुकानावर गुप्त मतदान होतं. चिठ्ठीवर उभी बाटली अन् आडवी बाटली. अक्षर न ओळखणारीलाही कळावं असं. मेख पुढंच आहे. सरपंचाला समोरच्यापेक्षा एक मत जास्त पुरतं. दुकान बंद करायला मात्र यादीतल्या निम्म्या बाया लागतात. न आलेली प्रत्येक बाई दुकानदाराच्याच खात्यात!

आमच्याकडं मतदान आलं ऐन कापूस वेचणीत. कुणी ऊसतोडीला गेलेल्या, कुणी सासरी नांदणाऱ्या, कुणी तर वारलेल्या. नावं सगळ्यांची यादीत. काकू कपाळाला हात लावून म्हणाली, "मरेल बाई मत देवाले कशी यी रे भाऊ?"

उभीपेक्षा आडवीला कितीतरी जास्त मतं पडली, पण निम्मी भरली नाहीत. दुसऱ्या दिवशी दुकान वेळेवर उघडलं. काकू आता सह्यांआधी मतदारयादी दुरुस्त करायच्या मागं लागलीय.