सोलापूरहून बालाघाटाच्या कडेने

सोलापूरच्या उत्तरेला आणि ईशान्येला बालाघाटाची रांग पसरली आहे. उंची बेताची, हवा वर्षातले बहुतेक महिने कोरडी. थंड हवेचे ठिकाण असे तिला कोणी म्हणत नाही, आणि म्हणूही नये. पण सोलापूर, तुळजापूर, नळदुर्ग आणि पुन्हा सोलापूर अशी त्रिकोणी वाट धरली, तर एका दिवसात या डोंगरकडेची ओळख होते. वाटेत पाहण्याजोगे जे आहे, ते बहुतेक सगळे पाण्याच्या आधाराने उभे राहिले आहे.

तुळजापूर रस्त्याला लागल्यावर थोड्याच वेळात हिप्परग्याचा तलाव दिसतो. कागदोपत्री त्याचे नाव एकरुख. आदिला नदी अडवून इंग्रजी अमलात, १८७१ साली, तो पुरा झाला. शेती आणि सोलापूर शहर ही दोन्ही त्याच्या पाण्यावर अवलंबून होती. हिवाळ्यात इथे पाणपक्षी उतरतात. पुढे तामलवाडी मागे पडते, माळ संपतो आणि छोटासा घाट चढून गाडी तुळजापुरात शिरते.

भवानीचे मंदिर डोंगराच्या कुशीत आहे. म्हणून इतर देवस्थानांसारखे चढायचे नसते, दर्शनाला पायऱ्या उतरून जावे लागते. उतरताना कल्लोळ तीर्थ आणि गोमुख तीर्थ लागते. परडी, कवड्यांच्या माळा, गोंधळ्यांचे संबळ आणि ‘आई राजा उदो उदो’चा गजर यांतून वाट काढतच गाभाऱ्यापर्यंत पोचायचे. नवरात्रात निवांत दर्शनाची अपेक्षा ठेवू नये.

खरा मुक्काम करावा तो नळदुर्गला. बोरी नदीच्या वळणावर, काळ्या बेसाल्टच्या कड्यावर हा किल्ला पसरला आहे. बहमनींनंतर तो विजापूरच्या आदिलशहांकडे आला. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३च्या सुमारास, नदीवर भक्कम धरण बांधून किल्ला समोरच्या टेकडीवरच्या रणमंडळ या जोडकिल्ल्याशी जोडला गेला. तटाला पाणी मिळाले आणि पलीकडच्या टेकडीचा धोकाही गेला. एवढ्यावर न थांबता बांधणाऱ्यांनी धरणाच्या भिंतीच्या पोटातच महाल काढला, तोच पाणीमहाल. भर पावसाळ्यात नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळते, आणि महालात उभ्या माणसाला खिडकीतून पाण्याचा पडदा दिसतो. अंग मात्र कोरडे राहते. भाद्रपदात गेलेल्या प्रस्तुत लेखकाला सांडवा वाहता मिळाला. तसा तो दरवर्षी मिळेलच असे नाही. पाऊस ओढ देतो तेव्हा नुसता दगडी बांध पाहून परतावे लागते. तरीही तो पाहावाच: लष्करी गरज आणि राजाची हौस एकाच भिंतीत बसवल्याची उदाहरणे दख्खनेत फार नाहीत.

किल्ल्यात सर्वांत उंच उपळी बुरूज. पायऱ्या उभ्या आहेत. माथ्यावर लांबलचक तोफा पडून आहेत आणि तिथून नदीचे वळण, तट आणि पलीकडची शेते एका नजरेत येतात. १८५३ मध्ये निजामाने हा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला, तेव्हा ठगांवरच्या कादंबरीमुळे आधीच नावाजलेला मेडोज टेलर इथे अधिकारी म्हणून आला आणि १८५७ पर्यंत राहिला. नळदुर्ग तेव्हा जिल्ह्याचे ठिकाण होते. आज ते तुळजापूर तालुक्यातले एक गाव आहे, आणि हैदराबाद रस्त्यावरची बहुतेक वाहने न थांबता पुढे जातात.

याच रस्त्याने सोलापूर सुमारे तासाभरावर आहे. हाती आणखी एक दिवस असेल, तर तुळजापूरहून धाराशिवमार्गे येडशी गाठावी. तिथल्या दरीत रामलिंगाचे मंदिर आहे. जटायूची समाधीही दाखवतात. पावसाळ्यात धबधबा वाहतो, आणि माकडे प्रसादाच्या पिशव्यांवर डोळा ठेवून असतात. भोवतालचे जंगल १९९७ पासून अभयारण्य आहे. येडशीवरून पूर्वी बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांवरची गाडी लातूरला जायची; आता त्या मार्गावर ब्रॉडगेज आहे.