आवाक्यातली इंग्रजी

यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजीत इंग्रजी कोणाच्या कानावर पडत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी कापसाच्या मोसमात बाजार समितीच्या आवारात एक चक्कर मारावी. गाडीतल्या कापसात मीटर खुपसतात आणि सगळ्यांचे डोळे आकड्याकडे लागतात. मॉइश्चर आठ टक्क्यांच्या आत असलं तर भाव पुरा, त्यावर गेलं की कपात, आणि बाराच्या वर गेलं तर सीसीआय, म्हणजे भारतीय कापूस महामंडळ, माल घेतच नाही. ग्रेड, रिजेक्ट, पेमेंट, ओटीपी हे शब्द तिथे शाळेची पायरी न चढलेला म्हातारासुद्धा बिनचूक वापरतो. स्पेलिंग त्याला विचारू नका, पण शब्दाचा अर्थ चुकला तर किती रुपये जातात हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

इंग्रजी शिकवण्यात माझा जन्म चालला आहे. शब्द माणसाच्या तोंडी कसा बसतो, हे मला पुस्तकांपेक्षा या आवारात जास्त स्पष्ट दिसलं. गरज असते, प्रसंग समोर असतो आणि तोच शब्द दिवसभरात दहा जणांच्या तोंडून ऐकू येतो. वर्गात आपण नेमकं उलट करतो. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ आणि मधे एक उभी रेघ. वाक्प्रचारांची यादी तर परीक्षेच्या आदल्या रात्रीच उघडते. ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ हा आज खुद्द इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडी क्वचितच येणारा वाक्प्रचार आमच्या मुलांना तोंडपाठ असतो. एसटीत चढायचं तर ‘गेट ऑन’ आणि उतरायचं तर ‘गेट ऑफ’, एवढं मात्र सुचत नाही.

मायकेल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षणतज्ज्ञ विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ढाक्याला शिक्षकांना घडवत होते. बंगालमधल्या मुलांना इंग्रजी वाचायला कसं शिकवावं, या प्रश्नाने त्यांना पछाडलं होतं. पुढे 1953 मध्ये त्यांनी सुमारे दोन हजार शब्दांची यादी प्रसिद्ध केली. सर्वसाधारण इंग्रजी मजकुरातला दहापैकी आठ शब्द, म्हणजे ऐंशी टक्क्यांच्या आसपास, या दोन हजारांतच सापडतात. मी ही यादी पुन्हा पुन्हा चाळतो. तिच्यात भारदस्त असं फारसं काही नाही. गेट, टेक, पुट, कीप, रीच असे आखूड शब्दच तिचा कणा आहेत. खरी इंग्रजी याच शब्दांवर उभी आहे आणि मुलं अडखळतात तीही इथेच.

आमच्या गावाची यादी मात्र आम्हालाच करावी लागते, आणि माझ्या वर्गात ती कीटकनाशकाच्या डब्यापासून सुरू होते. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या मृत्यूंना कारणं अनेक होती, आणि डब्यावरचं वाचता आलं असतं तर सगळे वाचले असते असा दावा मी करणार नाही. पण तेव्हापासून कीटकनाशकाच्या लेबलाचं चित्र फळ्यावर काढल्याशिवाय माझं एकही वर्ष सुरू होत नाही. खरा डबा वर्गात आणायचा नाही, हा पहिला नियम.

लेबलावर तिरका चौकोन असतो आणि त्याच्या अर्ध्या भागात रंग. लाल सगळ्यांत जहाल, मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. लाल आणि पिवळ्यासोबत ‘पॉयझन’ लिहिलेलं असतं, निळ्यासोबत ‘डेंजर’, हिरव्यासोबत ‘कॉशन’. एकदा एक मुलगी म्हणाली, “सर, आमच्या घरच्या डब्यावर निळा हाय. माय म्हने, हे कमी इखारी असन, हातानंच कालवलं तरी चालते.” त्या दिवशी आम्ही ‘डेंजर’ आणि ‘कॉशन’ यांच्यातलं अंतर शिकलो. कोणता शब्द जपून राहा म्हणतो आणि कोणता धोका आहे म्हणून बजावतो, यावर वर्ग तासभर बोलला. घरी जाऊन आईला काय सांगायचं, हाच त्या दिवशीचा गृहपाठ होता.

त्याच लेबलावर एक ओळ असते: ‘कीप आउट ऑफ द रीच ऑफ चिल्ड्रन’. मुलांना शब्द सुटे सुटे येतात, जुळत नाहीत. मी खडू कपाटावर ठेवतो आणि सगळ्यांत लहान पोराला काढायला सांगतो. तो टाचा उंचावतो, हात ताणतो, पण खडू काही मिळत नाही. मग मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडतं, “आवाक्याबाहेर हाय सर!” झालं, काम फत्ते. सोन्याचा भाव आवाक्याबाहेर गेला, तालुक्याचा दवाखाना आवाक्यात आहे, अशी वाक्यं मग मुलं स्वतःच इंग्रजीत करू लागतात. ‘आउट ऑफ रीच’ आणि ‘विदिन रीच’ हे वाक्प्रचार वर्गाला त्या लेबलाने दिले.

वाक्प्रचार परका वाटतो तो आपण त्याला परका म्हणून दाखवतो म्हणून. ज्या पोराला मार खाणं, भाव खाणं, डोकं खाणं, पैसे खाणं आणि गटांगळ्या खाणं यांतला फरक कोणी न शिकवता कळतो, त्याला ‘टेक’ एकदा औषधापुढे, एकदा बसपुढे आणि एकदा फोटोपुढे का येतो, हे समजायला जड जाऊ नये. त्याच्या बोलीतली उदाहरणं आधी फळ्यावर यायला हवीत.

आणि बोली तरी किती! वर्गात कोणाच्या घरी वऱ्हाडी, कोणाच्या बंजारा तांड्यावर गोरमाटी, कोणाच्या पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, कोलामी. कोलामी तर द्राविडी कुळातली. कोलामी बोलणारा मुलगा शाळेत येऊन मराठी शिकतो ती परक्या भाषेसारखीच. एक भाषा ओलांडून आलेलं पोर इंग्रजीत कच्चं, असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. भाषा कशी शिकायची, याचा अनुभव त्याच्या गाठीला आधीच असतो.

म्हणून माझ्या वर्गाच्या वहीत शब्द एकटा लिहायचा नाही. ‘टी’ नाही, ‘स्ट्राँग टी’. ‘रेन’ नाही, ‘हेवी रेन’. शेजारी मराठी अर्थाऐवजी आपल्या घरातलं, शेतातलं किंवा बाजारातलं एक वाक्य. दुसऱ्या दिवशी ते वाक्य बोलायचं, आठवड्याने पुन्हा, महिन्याने पुन्हा. शिकलेलं किती झपाट्याने विसरलं जातं, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने 1885 मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं. त्यावर उजळणीसारखा उपाय नाही.

महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. आता ती किती लवकर सुरू करावी, यापेक्षा ती कुठून सुरू करावी, याचा विचार व्हायला हवा. पालकांना माझी विनंती आहे: मुलाने रोज किती शब्द पाठ केले हे विचारू नका, औषधाच्या पाकिटावरची, खताच्या पोत्यावरची, बँकेच्या मेसेजमधली एक ओळ त्याला वाचायला द्या आणि तिचा अर्थ तुम्हाला समजावून सांगायला लावा. शिक्षकमित्रांनो, तुमच्या गावाची यादी तुम्हीच करा. ती कोणत्याही गाइडमध्ये मिळणार नाही.