स्प्रिंग थकते का?

चाचांचं रिव्हॉल्व्हर पोलीस ठाण्यात जमा आहे. इतके महिने पडून राहिल्यावर आतली स्प्रिंग ढिली पडेल का, असं चुलतभाऊ मला विचारतो. मी उर्दू-मराठीचा शिक्षक, पण बी.एड.वाल्याला सगळं येतं, असा आमच्या घरात समज आहे.

चाचा कारंज्यात संत्र्याचे व्यापारी होते. हंगामात रोकड घेऊन अमरावती रस्त्याने रात्री-बेरात्री यावं लागे, म्हणून परवाना काढलेला. कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर. २०२४ साली लोकसभा आणि विधानसभा, दोन्ही आचारसंहितांत ते ठाण्यात जमा होऊन परत आलं. चाचा गेल्यावर मात्र पुन्हा जमा करावं लागलं. परवाना माणसाच्या नावाचा असतो. घर-शेतासारखा तो वारशात येत नाही.

भावाच्या शंकेचं मूळ मला शब्दांत सापडलं. उर्दूत स्प्रिंगला कमानी म्हणतात, म्हणजे छोटं धनुष्य. मराठीत बंदुकीचा चाप, तोही मुळात धनुष्यच. लाकडी धनुष्य दोरी चढवून ठेवलं तर त्याचा जोर जातो, म्हणून तिरंदाज काम झालं की दोरी उतरवतात. लाकडाचा हा स्वभाव आपण पोलादाला लावतो.

चांगल्या पोलादाची स्प्रिंग तिच्या मर्यादेत दाबलेली असेल, तर नुसती पडून राहून सहसा थकत नाही. ती थकते वारंवार दाबण्या-सोडण्याने. शिवाय रिव्हॉल्व्हरचा घोडा खाली असतो तेव्हा तिच्यावर ताण थोडाच असतो. काही पिस्तुलांत आणि बिनघोड्याच्या दुनळीत मात्र ती दाबलेली राहते; म्हणून दुनळीवाले नकली काडतूस घालून चाप सोडून ठेवतात.

पडून राहिलेल्या हत्याराचा खरा वैरी पावसाळा. गंज चढतो, जुनं तेल चिकट होतं, मग घोडा सुस्तावतो आणि ठोका हलका पडतो. चामड्याच्या कव्हरात ठेवलं तर चामडं ओल धरतं. परत मिळाल्यावर ते रिकामं असल्याची आधी खात्री करायची आणि परवानाधारक कारागिराकडून साफ करून घ्यायचं.

हे ऐकून भाऊ खूश झाला. "मग माझ्या नावाने अर्ज करतो. अब्बांची निशाणी आहे."

चाची आतून ऐकत होती. म्हणाली, "लोखंडाचं पाहिलंत तुम्ही. ते घरात नाही तेव्हापासून मला झोप लागते, ते कोण पाहणार?"

चाचांच्या वेळची रोकड आता राहिली नाही; पैसे बँकेत नाहीतर मोबाइलवर येतात. घरात तीन लहान मुलं आहेत. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम २१ प्रमाणे जमा केलेलं शस्त्र परवाना असलेल्याला विकताही येतं; मुदतीत काहीच केलं नाही तर ते सरकारजमा होतं. म्हणजे ठरवायला वेळ आहे, पण फार नाही.

मोहल्ल्यातले बरेच अर्ज मीच भरून देतो. हाही कोरा माझ्याकडे पडून आहे. भावाला सांगितलंय, आधी चाचीशी बस, बोल. ती हो म्हणेल तेव्हाच मी पेन उघडेन.