सगळे धर्म एकच, असं मी म्हणत असे

‘सर्व धर्मांची शिकवण एकच’ हे वाक्य मी नोकरीभर वापरलं. पंधरा ऑगस्ट असो, बसवजयंती असो, ईद-मिलाप असो, भाषणाला उभं केलं की ते जिभेवर तयारच असायचं. घर कर्नाटकातल्या खजुरीत, शाळा सीमेपलीकडे महाराष्ट्रात, त्यामुळे दाखल्यांना तोटा नव्हता. गुलबर्ग्यात ख्वाजा बंदेनवाज, भीमेकाठी गाणगापूर, बसवकल्याणात बसवण्णांचा अनुभवमंटप, बिदरला नानकझिरा, सन्नतीला अशोकाचे शिलालेख. एवढं सगळं एका दिवसाच्या एसटी प्रवासात सापडतं. ही नावं ओळीनं घेतली की टाळ्या पडत. टाळ्या पडल्या की आपलं म्हणणं बरोबरच असणार, अशी मास्तर माणसाची समजूत होते.

वर्गात एक तक्ताही होता. ओम, चंद्रकोर, क्रूस, धर्मचक्र, खंडा अशी चिन्हं गोल मांडलेली आणि खाली ठळक अक्षरांत ‘ईश्वर एक, मार्ग अनेक’.

या तक्त्याला पहिला तडा एका सहकारी शिक्षकांमुळे गेला. बुद्धपौर्णिमेला मी बोललो, ओघात बुद्ध हा विष्णूचा नववा अवतार असंही बोलून गेलो. कार्यक्रम संपल्यावर चहा पिताना ते शांतपणे म्हणाले, “सर, चौदा ऑक्टोबर छप्पन्नला नागपुरात बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यातली पाचवी एकदा वाचून घ्या.” वाचली. बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे असं मी मानत नाही, असा प्रचार मी खोडसाळ समजतो, असा तिचा आशय. दीक्षाभूमीवर लाखो माणसांनी जे मुद्दाम, मोठ्यानं नाकारलं, तेच मी गौरव म्हणून त्यांच्या पदरात घालत होतो. तक्त्यावरचे ‘ईश्वर एक’ हे शब्दही मग अडखळायला लागले. बुद्धानं सृष्टी घडवणारा ईश्वर मानला नाही, नित्य असा आत्माही मानला नाही. महावीरांच्या मार्गात आत्मा आहे, कर्म आहे, मोक्ष आहे, पण जग निर्माण करणारा कोणी नाही. आमच्या जवळचं मळखेड ही राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट. नवव्या शतकात अमोघवर्षाच्या काळात तिथं जैन आचार्य जिनसेनांचा केवढा मान होता. त्यांना हा तक्ता दाखवला असता तर? ‘ईश्वर एक’ म्हणून मी सगळ्यांना कवेत घेत होतो आणि त्याच वाक्यानं दोन धर्म दाराबाहेर ठेवत होतो.

दुसरा धक्का गावातल्याच एका वयस्क गवंडीचाचांनी दिला. रमजानचे दिवस, उन्हाळा कडक, ते आमच्या पडवीची भिंत बांधत होते. मी सवयीनं पुराण लावलं. चाचा ओळंबा सोडता सोडता म्हणाले, “गुरुजी, सगळं एकच हाय म्हणता, मग उद्याचा माझा रोजा तुम्ही धरा की. एकच हाय, कुणी धरला तरी काय बिघडतंय?” मी हसलो. पण पहाटेपासून पाण्याचा थेंब न घेतलेल्या माणसापुढे चहाचा कप धरून मी ‘एकच’ म्हणत होतो, हे नंतर बराच काळ सलत राहिलं.

त्यानंतर मी बघायला लागलो ते माती देण्याकडे. आमच्याकडे मुसलमानही पुरतात, लिंगायतही पुरतात. ‘बघा, शेवट तरी सारखाच’ हा माझा हुकमी दाखला होता. प्रत्यक्षात काय होतं? लिंगायतांत देह न्हाऊ घालून, विभूती लावून मांडी घालून बसवतात. आयुष्यभर गळ्यात वागवलेलं, रोज डाव्या तळहातावर घेऊन पुजलेलं इष्टलिंग त्याच डाव्या हातात ठेवतात. बेलपत्री पडते, विभूती पडते, मग माती. सिद्धांत असा की माणूस लिंगैक्य झाला. पुन्हा जन्म नाही, पिंड नाही, कसली वाट पाहणं नाही. कबरस्तानात देह आडवा, पांढऱ्या कफनात, चेहरा काबेच्या दिशेला म्हणजे आपल्याकडून पश्चिमेला. जनाज्याच्या नमाजात ना झुकणं, ना सजदा. उभ्याउभ्या चार तकबीर आणि मयतासाठी दुआ. मग प्रत्येकाची मूठमूठ माती. तिथला माणूस वाट बघत झोपलेला आहे, कयामतच्या दिवशी त्याला उठायचंय, हिशेब द्यायचाय. एक प्रवास संपवून बसलेला, दुसऱ्याचा मोठा निवाडा अजून व्हायचा. खड्डा खणणारे मजूर कधी कधी तेच असतात. सारखेपणा काय तो तेवढाच, आणि मी त्याच्यावर भाषणं केली.

ख्रिस्ती आणि इस्लाम यांचं तर बोलायलाच नको. दोघंही येशूला मानतात, असं मी सांगायचो. मानतात खरे. पण येशू क्रुसावर मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला, यावर एकाचा सगळा डोलारा उभा, आणि त्याला क्रुसावर मारलंच गेलं नाही असं कुराण सांगतं. हा मतभेद गुळमुळीत शब्दांनी मिटायचा नाही, आणि तो मिटवायला मला कोणी नेमलेलंही नव्हतं.

२०२०च्या फेब्रुवारीत आमच्या खजुरीचं नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत आलं. इथल्या लिंगायत कोरणेश्वर संस्थान मठाची शाखा गदग जिल्ह्यात आसूटीला आहे. तिच्या प्रमुखपदी शरीफ मुल्ला या मुसलमान तरुणाला बसवायचं, असं खजुरी मठाचे मुरुघराजेंद्र कोरणेश्वर स्वामी यांनी ठरवलं. वडील रहमानसाब यांनी त्या मठासाठी दोन एकर जमीन दिलेली. स्वतः शरीफ पिठाची गिरणी चालवायचे आणि मोकळ्या वेळात बसवण्णांचे विचार सांगायचे. मला फोनावर फोन आले, “गुरुजी, तुमचं खरं ठरलं.” आधीचा मी असतो तर त्याच संध्याकाळी लेख लिहायला बसलो असतो.

पण मला दिसलं ते उलटं. या माणसानं दीक्षा घेतली, इष्टलिंग धारण केलं. धर्म सगळे एकच असते तर दीक्षा घेण्याचं कारणच काय होतं? काही विशिष्ट त्याला पटलं: देह हेच देऊळ, कष्ट हीच पूजा, जन्मानं कोणी उच्च-नीच नाही. बाराव्या शतकात बसवण्णांच्या कल्याणात या गोष्टी बोलल्या गेल्या तेव्हा त्या ‘सगळे म्हणतात तेच’ नव्हत्या. म्हणून तर त्यांवरून रक्त सांडलं. मठानं दार उघडलं तेही धर्मातला फरक पुसून नव्हे. आमच्या धर्मात जात विचारत नाहीत, या स्वतःच्याच तत्त्वाला धरून उघडलं.

बिदरजवळ अष्टूरला अहमदशहा वली बहमनीचा उरूस भरतो. त्याची तारीख होळीवरून धरतात, आणि कलबुर्गी (गुलबर्गा) जिल्ह्यातल्या मडियाळचे जंगम पायी चालत तिथं येतात. लिंगायत त्या सुलतानाला अल्लमप्रभूंचं रूप मानतात, मुसलमान वली मानतात. नारळ फोडणारा आणि फातेहा पढणारा एकाच घुमटाखाली. एकमेकांचं म्हणणं त्यांना पटलेलं नसतं, आणि पटवून घेण्याची घाईही नसते. कडव्या लोकांना हे दोन्ही बाजूंनी खुपतं. मला मात्र आता भाषणापेक्षा हे जास्त टिकाऊ वाटतं.

एका जागी माझा हा नवा विचार लंगडतो, तेही सांगून टाकतो. हुमनाबादजवळ माणिकनगरला मी दत्तजयंतीला अजून जातो. माणिकप्रभूंनी (१८१७–१८६५) तिथं सकलमत संप्रदाय उभा केला. मराठी, कानडी, हिंदी, उर्दू अशा भाषांत पदं रचली, हिंदू-मुसलमान दोघांना जवळ केलं. आलेल्या माणसाला त्याच्या दैवतापासून तोडलं नाही. ‘सकलमत’ म्हणजे सगळी मतं शाबूत ठेवून त्यांना मान देणं, की सगळ्यांच्या तळाशी एकच मत आहे असं म्हणणं? मी पहिला अर्थ धरतो, कारण तो मला सोयीचा आहे. गादीचे जाणकार बहुधा दुसरा सांगतील. चाचांना विचारलं तर म्हणाले, “गाणं चांगलं असतं तिथं, गुरुजी. मी बी येतो.”