काळविटांच्या माळावर, आजोबांसोबत

वीकेण्डला नाशिककर वायनरी गाठतात. मी मात्र पंच्याऐंशीच्या आजोबांना गाडीत घालून येवला तालुक्यातल्या ममदापूरला गेले. जंगल नाही हं, उघडं माळरान, काळविटांसाठी राखीव. भल्या सकाळीच पोहोचा, ऊन चढलं की कळप आडोशाला जातात.

आजोबा एकेकाळचे शिकारी. म्हणजे १९७२च्या वन्यजीव कायद्याआधीचे! रायफलची काडतुसं घरीच भरायचे: पितळी पुंगळी, मागे नवी टोपी, सोनाराच्या काट्यावर तोललेली दारू, पुढे गोळी. दारू किंचित कमी-जास्त झाली की गोळीचा वेग बदलतो, आणि लांबवर ती वर-खाली लागते.

‘‘एवढा खटाटोप कशाला?’’

‘‘नेम चुकला तर हरीण मरत नाही गं, जखमी होऊन पळतं. एकाला अंधार पडेस्तोवर शोधलं होतं. नाही सापडलं.’’

तेवढ्यात बांधापलीकडे नर उभा राहिला. काळाकुळकुळीत, पीळदार शिंगांचा. आजोबांनी सवयीनं बोट ओलं करून वारा पाहिला. ‘‘दीडशे यार्ड,’’ पुटपुटले. मी कॅमेरा पुढे केला. त्यांनी घेतला नाही. नर निघून गेला, तरी ते तिकडेच बघत होते.